तडा गेलेली काच आणि ओळखीचं गिऱ्हाईक

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो आणि मेअखेरीस बाडबिस्तरा गुंडाळून कायमचे पुण्याला परत चाललोय. आमची २०१८ ची टोयोटा यारिस हायब्रिड विकायची आहे. जानेवारीत एम४ महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि समोरच्या काचेचा टवका गेला. बारीकसा होता म्हणून सोडून दिलं. मग एका सकाळी काचेवर बर्फ धरला होता, ऑफिसची घाई होती, यांनी किटलीतलं गरम पाणी ओतलं. टवक्यातून तडा निघाला. आज तो सात सेंटीमीटर आहे. स्टिअरिंगच्या समोरून सुरू होऊन मधल्या आरशाकडे चाललाय.

एमओटी (इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) सप्टेंबरपर्यंत आहे. गाडी घेणारा मुलगा सांगलीचा, मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून ओळख झालेला, इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून नुकताच लागलाय. मला वहिनी म्हणतो. फोटो बघूनच त्याने होकार दिलाय आणि फोटोत तडा दिसत नाही. यांचं म्हणणं असं की एमओटी आहे, ‘जशी आहे तशी’ म्हणून देऊ, ओळखीचा आहे म्हणून दोनशे पौंड सोडू, विषय संपला. टवक्यावर गणपतीचं स्टिकर लावायचीही तयारी आहे. मला मात्र रात्री झोप लागत नाही. काच बदलावी तर खर्च आमच्या डोक्यावर, आणि हातात दोनच महिने. काय करू?

तडा सरकतोय, रेडिंग

उत्तर:

नमस्कार. आधी उत्तर देतो, कारणं मागून. काच बदला, ती बदलून झाली की नवी एमओटी करून घ्या, आणि मग गाडी त्याच मुलाला द्या. क्रम मात्र हाच ठेवा. खर्चाची तुम्ही जेवढी धास्ती घेतलीये तेवढा तो बहुधा येणार नाही, आणि दोन महिने या कामाला रगड आहेत.

तुमच्या यजमानांचं गणित कुठे चुकतंय ते मला ओळखीचं आहे, कारण आपल्यातली निम्मी माणसं तसंच मोजतात. पुण्यात पीयूसीचा कागद खिशात असला की चौकातल्या हवालदाराशी बोलायला बळ येतं. इथे आल्यावर आपण एमओटीलाही त्याच खणात टाकतो: कागद आहे, तारीख पुढची आहे, म्हणजे गाडी ठीक आहे. एमओटी असं काही म्हणतच नाही. गाडी तीन वर्षांची झाली की (उत्तर आयर्लंडमध्ये चार) दरवर्षी ही तपासणी होते, आणि त्या दिवशी, त्या तासाला गाडी किमान कसोटीला उतरली एवढंच तो कागद सांगतो. गेल्या सप्टेंबरात टेस्टरने तुमची काच पाहिली तेव्हा तो खडा अजून एम४ वर पडलेला होता. तेव्हाच्या पासचा आजच्या तड्याशी संबंध काय?

आता कायदा. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचं ७५ वं कलम रस्त्यावर चालवायला अयोग्य असलेलं वाहन दुसऱ्याला देणं हा गुन्हा ठरवतं. देणं यात विकणं तर येतंच, पण विकायला काढणं आणि विक्रीसाठी मांडून ठेवणंही येतं. हे फक्त डीलरांना लागू आहे असा समज फार पसरलाय. तसं नाही, घरासमोरून गाडी विकणाऱ्या तुम्हालाही ते लागू आहे. परदेशी पाठवायची गाडी सोडली तर पळवाट एकच: घेणारा ती दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणणार नाही, असं मानायला तुमच्याकडे सबळ कारण हवं. तुमचा सांगलीकर तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच गाडीने ड्यूटीला जाणार.

‘जशी आहे तशी’ या शब्दांवरही लोकांचा भारी भरवसा. खासगी विक्रीत घेणाऱ्याला डीलरकडे मिळतात तेवढे हक्क नसतात, हे खरं. २०१५ च्या कंझ्युमर राइट्स अ‍ॅक्टमधली तीस दिवसांत गाडी परत करायची सोय त्याला तुमच्याकडून मागता येणार नाही. गाडी नीट पारखून घेणं ही बव्हंशी त्याचीच जबाबदारी. पण तुम्ही जे वर्णन कराल त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे, आणि त्याने ‘काही दोष आहे का’ विचारल्यावर ‘नाही हो, एकदम ओके’ म्हणालात तर ती खोटी माहिती देऊन केलेली विक्री ठरते. पावतीवर ‘जशी आहे तशी’ लिहिल्याने ती धुऊन निघत नाही. ७५ व्या कलमापुढे तर त्या तीन शब्दांना काडीचीही किंमत नाही.

पण तुमची काच खरंच नापास होणारी आहे का? हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. घरात ए४ कागद असेलच. त्याची लांब बाजू २९७ मिलिमीटर असते. एमओटीच्या नियमात चालकासमोरचा जो पट्टा सगळ्यात कडक धरतात, त्याला ए झोन म्हणतात, त्याची रुंदी २९० मिलिमीटर. पट्ट्याचा मध्य म्हणजे स्टिअरिंगचा मध्य, आणि वरखाली वायपर जिथवर पुसतो तिथवर. कागद आडवा धरून स्टिअरिंगच्या मध्याशी जुळवला की हा पट्टा जवळजवळ हुबेहूब समोर उभा राहतो. त्या पट्ट्यात १० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात न मावणारं नुकसान असेल तर गाडी नापास. पट्ट्याबाहेर, पण वायपर पुसतो त्या भागात, हीच मर्यादा ४० मिलिमीटर आहे. वायपर पोहोचतच नाही अशा कोपऱ्यातल्या तड्याला ही मापं लागू नाहीत. आता तुमचा हिशेब बघा. तडा स्टिअरिंगच्या समोरून निघतो, म्हणजे सुरुवात ए झोनमध्ये. तिथे तो १० मिलिमीटरच्या आत आवरलाय असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. अगदी सगळा पट्ट्याबाहेर असता तरी ७० मिलिमीटर लांबी ४० मध्ये बसत नाही. म्हणजे दोन्हीकडून नापास.

आणि गणपती! हाच नियम स्टिकरलाही लागू आहे. ए झोनमध्ये १० मिलिमीटरहून जास्त आणि बाकीच्या पुसल्या जाणाऱ्या भागात ४० मिलिमीटरहून जास्त आत आलेलं स्टिकरही नापास. म्हणजे तडा झाकायला लावलेल्या बाप्पांमुळेच गाडी पडेल. त्यांना डॅशबोर्डवर बसवा, तिथे ते कुणाच्या नजरेच्या आड येत नाहीत. आरशाला काही माळ किंवा लिंबू-मिरची लोंबत असेल तर तीही चाचणीपूर्वी काढून ठेवा.

नियम एवढा कडक का, ते तुम्हाला नियमाच्या पुस्तकापेक्षा रस्त्यावर लवकर पटेल. लंडनहून संध्याकाळी रेडिंगकडे या. एम४ वर तोंड पश्चिमेला, मार्चचा सूर्य खाली आलेला, काचेवर दिवसभराची धूळ. ऊन तड्यावर पडलं की तडा रेघ राहत नाही, पांढरी झगझगीत पट्टी होते आणि त्या पट्टीमागे पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे हरवतात. रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटचंही तेच. पार्किंगमध्ये उभ्या गाडीतला तडा पाहून ‘काय त्यात’ म्हणणाऱ्याने एकदा हा प्रवास करावा.

किटलीबद्दल दोन शब्द, कारण हे उत्तर वाचणाऱ्या कितीतरी घरांत तीच किटली आहे. समोरची काच एकसंध नसते. काचेचे दोन थर आणि मध्ये चिवट प्लॅस्टिकचा पापुद्रा. खडा लागतो तेव्हा सहसा बाहेरच्या थराचाच टवका उडतो, म्हणून काच फुटून अंगावर येत नाही. पण त्या टवक्याभोवती काच ताणाखाली असते. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की तो तडकतो, तसंच गोठलेल्या काचेवर गरम पाणी पडलं की बाहेरचा थर एकदम प्रसरण पावायला बघतो, आतला गारच असतो, आणि ताण सगळ्यात कच्च्या जागेतून वाट काढतो. ती कच्ची जागा म्हणजे टवका. नुसता हीटर एकदम फुल्ल लावला तरी हे होऊ शकतं. खरवडणी आणि बर्फ वितळवायचा स्प्रे वापरा, पाच मिनिटं आधी उठा.

ज्यांच्या काचेला अजून नुसता टवका आहे, तडा नाही, त्यांनी हा आठवडा जाऊ देऊ नये. टवक्यात पाणी आणि माती शिरायच्या आत त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा (नजरेच्या वाटेत नसेल तर) आणि दुरुस्तीची वेळ घ्या. कारागीर टवक्यातली हवा ओढून घेतो, त्यात राळेसारखं रेझिन भरतो, अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतो आणि वरून सपाट करतो. तासाभराच्या आतलं काम. एमओटीचा नियमही इथे उदार आहे: दुरुस्त केलेली काच फक्त ती नजरेला अडथळा करते का एवढ्यावरच जोखायची असते. जवळजवळ न दिसणारी, काचेशी सपाट झालेली दुरुस्ती दोष म्हणून मोजत नाहीत, मूळ टवका मोठा असला तरी. जानेवारीतच केलं असतं तर वगैरे मी तुम्हाला ऐकवत नाही. तुमचा सात सेंटीमीटरचा, चालकासमोरचा तडा रेझिनच्या पलीकडे गेलाय. काच बदलायचीच.

खर्चाकडे येऊ. तुमचा विमा सर्वसमावेशक, म्हणजे इथल्या भाषेत ‘फुल्ली कॉम्प’ असेल, तर बहुतेक पॉलिसींत समोरच्या काचेचं संरक्षण असतं. नसलंच तर ते पॉलिसीच्या कागदात स्पष्ट दिसेल. दुरुस्तीला बऱ्याचदा तुमच्या खिशातून काही जात नाही किंवा थोडंसं जातं, बदलण्याला ठरलेला एक्सेस, म्हणजे खर्चातला आपल्या खिशातून द्यायचा वाटा, भरावा लागतो. काच बदलल्याने नो-क्लेम बोनसला सहसा धक्का लागत नाही, पण तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते फोन करून विचारा. विमा कंपनीच्या यादीतल्याच काचवाल्याकडे जा. बाहेरच्याकडे गेलात तर अनेक पॉलिसी ठरावीक रकमेपुरतेच पैसे देतात आणि फरक तुमच्यावर येतो. आणि हे सगळं गाडी तुमच्या नावावर असताना झालं पाहिजे. भारतात गाडी विकली की तिच्यासोबत विमाही नव्या मालकाच्या नावावर करता येतो, म्हणून आपल्याला वाटतं इथेही तसंच असेल. इथे विमा तुमचा, गाडीचा नव्हे. तुम्ही विकलीत की तुमचं संरक्षण संपलं, आणि तो मुलगा तुमच्या जुन्या तड्यासाठी स्वतःच्या विम्याकडे मागणी करू शकणार नाही. तडा आज दुरुस्त करायला तुमच्याकडे विमा आहे, त्याच्याकडे नसेल. दोनशे पौंड सोडण्यात आणि काच बदलून देण्यात खरा फरक हा आहे. तुमच्या दोनशेत त्याची नवी काच बसेलच असं नाही. तुमची मात्र एक्सेसवर भागते.

तुमच्या गाडीत आणखी एक भानगड आहे, ती काचवाल्याला पहिल्याच फोनवर सांगा. त्या वर्षीच्या यारिसमध्ये मधल्या आरशाच्या मागे, काचेला लागून कॅमेरा असतो. समोर टक्कर होतेय असं वाटलं तर ब्रेक लावायला मदत करणारी आणि गाडी लेनबाहेर सरकली तर इशारा देणारी यंत्रणा त्याच्या नजरेवर चालते. तुमचा तडा तिकडेच चाललाय. नवी काच बसली की कॅमेरा थोडासा का होईना हलतो, म्हणून त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नजर पुन्हा नेमकी जुळवणं, करावं लागतं. ते केल्याचा कागद मागून घ्या. एमओटीमध्ये हा कॅमेरा तपासत नाहीत, म्हणजे कॅलिब्रेशन न करताही गाडी पास होईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, ज्या दिवशी ती उगाच ब्रेक मारेल किंवा मारायच्या वेळी मारणार नाही त्या दिवसापर्यंत. काही जण एक-दोन पैसे वाचवायला हे टाळतात. तुम्ही टाळू नका. आणि काच बसवल्यावर चिकटद्रव्य वाळायला काचवाला सांगेल तेवढा वेळ गाडी हलवायची नाही. ती काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते, आणि अनेक गाड्यांत डावीकडच्या सीटची एअरबॅग उघडताना तिच्यावरच टेकते.

काच झाली की एमओटी. ‘सप्टेंबरपर्यंत आहे की’ असं घरातून पुन्हा ऐकू येईल. खरंय, कायद्याने आत्ता नवी करायची सक्ती नाही. तरी करा. मोटारीच्या चाचणीची फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड आहे आणि बरीच गॅरेजं त्याहून कमी घेतात. एप्रिलमध्ये केलीत तर नवा कागद पुढच्या एप्रिलपर्यंत चालेल. (तारीख संपायच्या आधी एक महिना वजा एक दिवस एवढ्या मुदतीत केली तर जुनीच तारीख पुढच्या वर्षी कायम राहते, त्याहून आधी केली की चाचणीच्या दिवसापासून वर्ष मोजतात.) त्या मुलाला जवळपास पूर्ण वर्षाची एमओटी मिळते आणि तुम्हाला, काच बदलल्यानंतर गाडी पास झाली याचा तिसऱ्या माणसाने दिलेला पुरावा.

कुठे करायची याबद्दल माझं मत ऐका. अनेक ठिकाणी नगरपालिका, म्हणजे काउन्सिल, स्वतःची एमओटी केंद्रं चालवतात. तिथे मुळात काउन्सिलच्याच गाड्यांची चाचणी होते, पण सामान्यांनाही वेळ मिळते. ही केंद्रं सहसा दुरुस्तीची कामं घेत नाहीत, त्यामुळे दोष शोधून काम काढण्यात त्यांचा काही फायदा नाही, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाचा दोष डोळ्याआड करण्यातही नाही. विकायच्या गाडीला मी नेहमी असंच केंद्र सुचवतो. तुमच्या भागात आहे का ते बघा.

काचेआधी चाचणी करू नका, म्हणजे ‘नापास झाली तर बघू’ असं नको. काच हा दोष त्याच केंद्रात लगेच पुढच्या कामाच्या दिवसाअखेरपर्यंत दुरुस्त करून आणला तर फेरतपासणी फुकट होते, हे खरं आहे, पण एका दिवसात तुमच्या गाडीची काच मिळून, बसून, कॅमेरा जुळवून होईल याची खात्री कोण देणार? शिवाय नापासाची नोंद ऑनलाइन इतिहासात कायम राहते. सरकारी संकेतस्थळावर नंबरप्लेट टाकली की २००५ पासूनचे सगळे पास, नापास, टेस्टरने दिलेल्या सूचना आणि दर वर्षीचं मायलेज कुणालाही फुकट दिसतं. आणि एक गैरसमज दोन्ही बाजूंनी काढून टाका: आधीची एमओटी चालू असताना नवीत नापास झालात, आणि दोष ‘डेंजरस’ वर्गातला नसला, तर गाडी केंद्रातून नेता येते, पण म्हणून ती रस्त्यावर कायदेशीर ठरते असं नाही. धोकादायक अवस्थेत गाडी चालवली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट होऊ शकतात.

चाचणीला जायच्या आदल्या दिवशी पाणी ओतायला किटली काढाच, पण ती बॉनेटखालच्या वॉशरच्या टाकीसाठी, आणि गार. नवी काच बसवून, वॉशरमध्ये पाणी नाही म्हणून परत आलेल्या गाड्या असतात. वायपरची पाती फाटलीयेत का बघा. जुन्या पात्यांनी नव्या काचेवर ओरखडे काढू नका, ती बदलूनच टाका. टायरची नक्षी मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत, सगळ्या घेरावर, किमान १.६ मिलिमीटर हवी. ब्रेकचे दिवे कुणाला तरी मागे उभं करून तपासा. बाकी सात-आठ वर्षांच्या, नीट वापरलेल्या यारिसला घाबरण्यासारखं काही नसतं.

आता त्या मुलाचं. पत्रातली तुमची खरी अडचण काच नाही, तो वहिनी म्हणतो ही आहे, असं मला वाटलं. नव्याने आलेला माणूस आपल्या माणसाकडून गाडी घेतो ती किंमत कमी म्हणून नव्हे, तर इथलं काही कळत नाही आणि आपला माणूस फसवणार नाही म्हणून. म्हणजे तो तपासणार नाही. अनोळखी गोरा गिऱ्हाईक आला असता तर त्याने काचेवर बोट फिरवून, एमओटीचा इतिहास काढून, पाचशे कमी करून मागितले असते. इथे ते काम तुम्हाला त्याच्या वतीने करायचंय.

म्हणून त्याला आजच, लपवाछपवी न करता, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा. बोलून नको, लिहूनच, म्हणजे उद्या दोघांकडेही राहील. एवढं पुरे: ‘तुला फोटोत दिसलं नसेल, समोरच्या काचेला तडा आहे. आम्ही ती विम्यातून बदलून घेतोय आणि नवी एमओटी करतोय. दोन्हीचे कागद तुला देऊ, मग तू येऊन गाडी बघ आणि ठरव.’ तड्याचा जवळून काढलेला फोटोही जोडा. तो बिचकेल आणि सौदा मोडेल ही भीती काढून टाका. नवी काच, कॅलिब्रेशनचा कागद आणि ताजी एमओटी असलेल्या गाडीला गिऱ्हाइकं कमी नाहीत.

दोनशे पौंडांची सूट मग द्यायची की नाही? माझं मत, देऊ नका, किंवा द्यायचीच तर काचेशी बांधून देऊ नका. गाडी दुरुस्त करून द्या आणि रास्त किंमत घ्या. ओळखीत सवलत दिली की पुढे तीन महिन्यांनी बॅटरी गेली तरी ‘वहिनी, तुम्ही म्हणाला होतात’ सुरू होतं, आणि सवलतही वाया जाते, ओळखही.

त्याला दोन गोष्टी मात्र जरूर सांगा, ज्या त्याला कुणी सांगितल्या नसतील. पहिली, किंमत ठरवण्याआधी विम्याचा भाव काढून बघ. भारतीय लायसन्सवर, इथला काहीच इतिहास नसलेल्या तरुण माणसाला विमा इतका महाग पडू शकतो की गाडीपेक्षा त्याचाच विचार आधी करावा लागतो. दुसरी, भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालवता येतं, नंतर ब्रिटिश लायसन्स लागतं आणि त्यासाठी थिअरी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. गाडी चालवून बघायला आला तर तुमच्या विम्यात तो बसत नसेल, त्याला एक दिवसाचा तात्पुरता विमा काढायला सांगा. रोड टॅक्सही गाडीबरोबर जात नाही. पैसे खात्यात आले की, गाडी न्यायच्या आधी त्याने स्वतःच्या नावाने विमा आणि टॅक्स दोन्ही करायचं, तुमच्यासमोर बसून फोनवर केलं तरी चालेल.

मे उजाडला आणि काचेची वेळच मिळेना, किंवा तुमच्या विम्यात काच बसतच नाही असं निघालं, तर गाडी डीलरला किंवा ऑनलाइन गाड्या विकत घेणाऱ्या कंपनीला द्या आणि फॉर्ममध्ये काचेचा तडा स्पष्ट लिहा. ते पैसे कापतील, त्यांच्या हिशेबाने बरेच कापतील, पण काच त्यांना घाऊक भावात पडते आणि गाडी पुढे रस्त्यावर आणायची जबाबदारी ते जाणूनबुजून अंगावर घेतात. तेवढ्या वेळेपुरता सांगलीकर मुलगा दुसरी गाडी शोधेल, त्यात काही बिघडत नाही.

शेवटी परत जाणाऱ्यांचा कागदपत्रांचा गुंता. ज्या दिवशी किल्ली द्याल त्याच दिवशी डीव्हीएलएला (गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणारं सरकारी खातं) ऑनलाइन कळवा आणि लॉगबुकमधली, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रातली, नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी त्याच्या हातात द्या. भरलेल्या टॅक्सपैकी पूर्ण शिल्लक महिन्यांचे पैसे आपोआप परत येतात, पण चेक लॉगबुकवरच्या पत्त्यावर येतो. घर सोडण्याच्या दोन दिवस आधी गाडी विकलीत तर तो चेक नव्या भाडेकरूच्या दारात पडेल, म्हणून मेच्या मध्यापर्यंत विक्री उरकायचं बघा किंवा पोस्ट वळवून घ्या, आणि इथलं बँक खाते चेक वटेपर्यंत बंद करू नका. विमा रद्द करताना नो-क्लेमचं पत्र मागून घ्या. कधी परत आलात तर सहसा दोन वर्षांपर्यंत ते चालतं. डीव्हीएलएचा नोंद झाल्याचा ईमेल मात्र पुसू नका. मुलगा जूनमध्ये एखाद्या कॅमेऱ्यासमोरून जोरात गेला आणि नोंद राहिली असेल, तर पहिली नोटीस तुमच्या नावाने निघेल.